अजून एक हंगाम काढेल का?

पत्र (थोडं छोटं करून):

“नमस्कार. मी वाळवा तालुक्यातला, वय ३४. आमचा हळद शिजवायचा कुकर आहे, वडिलांनी २०१२ साली नवा करून घेतलेला. ट्रॉलीवर आडवा बॉयलर, तीन फूट व्यास, पाच फूट लांब, दोन्ही टोकांना सपाट पत्रा, खालून जाळ. पत्रा ८ एमएमचा. वाफेवर चार पिंपं चालतात. हंगामात गावोगाव भाड्याने फिरतो, घर त्यावर चालतं. मागच्या वर्षी एकदा पाणी संपलेलं कळलं नाही, पोरांनी लगेच पाणी सोडलं, काही झालं नाही. पुढं खालच्या जोडाशी पाझर सुटला, तो वेल्डिंग मारून बंद केला. तिथं पत्रा जरा पोटाला आल्यासारखा वाटतो, परातीएवढा. सेफ्टी व्हॉल्व्ह दीड किलोलाच उडायचा, खेपा उरकत नव्हत्या, म्हणून ड्रायव्हरने त्याला तार आवळली. आता २ किलोवर चालवतो. प्रेशर गेज बॉयलर थंड असतानाही १ दाखवतं, तेवढा वजा करून धरतो. बॉयलर करणारा म्हणतो, आठचा पत्रा आहे, इतकी वर्षं काही झालं नाही, ठिगळ मारून देतो, दोन हंगाम सहज निघतील. नव्या ड्रमला सव्वा लाख सांगतात. पतसंस्थेचा हप्ता आहे, ३५ शेतकऱ्यांकडून इसार घेतलाय. आई म्हणते विकून टाक. हंगाम तीन आठवड्यांवर आलाय. हा बॉयलर अजून एक हंगाम काढेल का, हे ठरवायचं कसं?”

पुढचं वाचायच्या आधी उठा आणि त्या व्हॉल्व्हची तार सोडून या. बॉयलर सध्या थंड आहे हे मला कळतं, तरी सोडा. अशी तार एकदा राहिली की हंगामाच्या पहिल्या दिवशी घाईत तशीच राहते, आणि मग ती तिथं आहे हे ड्रायव्हरशिवाय कुणाला माहीतही नसतं.

आता उत्तर. हा ड्रम चालवू नका. ठिगळ मारूनही नको, एका आठवड्यासाठीही नको. आणि आईचं निम्मं ऐका: विकायचा असेल तर ड्रम भंगारात विका, तोही कापून. अख्खा विकलात तर कुणीतरी रंग मारून दुसऱ्या तालुक्यात पेटवेल. ट्रॉली, पिंपं, पाइप ही सगळी तुमचीच आहेत आणि कामाची आहेत. हंगाम कसा निभवायचा ते शेवटी सांगतो. आधी हे का म्हणतोय ते सांगतो, कारण तुम्ही ‘ठरवायचं कसं’ असं विचारलंय, आणि हा प्रश्न मला फार थोडे लोक विचारतात. बहुतेकांना ‘चालेल’ एवढंच ऐकायचं असतं.

तुमच्या पत्रात ‘काही झालं नाही’ हे शब्द दोनदा आलेत. एकदा तुमच्या तोंडी, एकदा बॉयलर करणाऱ्याच्या. एकतीस वर्षं साखर कारखान्यांत बॉयलर आणि वाफेच्या लाइनी तपासण्यात गेली माझी, आणि या तीन शब्दांइतका मला दुसऱ्या कशाचा धसका नाही. पाणी संपलं त्या दिवशी काही झालं नाही असं तुम्ही लिहिता. झालं की. त्याच वेळी पोट आलं.

ते कसं झालं असेल ते सांगतो. खालून जाळ लागतो तेव्हा पत्रा थंड ठेवायचं काम आतलं पाणी करतं. पाणी आहे तोवर पत्रा वाफेच्या तापमानाच्या थोडाच वर राहतो. पाणी गेलं की काही मिनिटांत तो लालीवर येतो. साधं पोलाद ६०० अंशांच्या आसपास आपली जवळपास निम्मी ताकद घालवून बसतं, ७०० ला त्याहून बरीच जास्त. आत दाब आहे, पत्रा मऊ झालाय, मग तो बाहेर ढकलला जातो. त्यात पोरांनी थंड पाणी सोडलं. लाल पत्र्यावर थंड पाणी पडलं की दोन गोष्टी होतात: पाण्याची झटक्यात वाफ होऊन दाब उसळतो, आणि पत्रा आखडून त्याला, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, बारीक चिरा जाऊ शकतात. नंतर पाझर सुटला तो नेमका जोडाशीच. तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्यात, पण माझ्या मते ती एकाच दिवसाची गोष्ट आहे.

(पोरांना हे पाठ करायला लावा: पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेना झालं तर जाळ ओढायचा, लाकडं बाहेर काढायची आणि लांब व्हायचं. पाणी सोडायचं नाही. बॉयलर आपोआप गार होऊ द्यायचा.)

परातीएवढं पोट पुढं आणखी एक उद्योग करतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते वाळव्याच्या माणसाला मी काय सांगणार, तुमच्याकडं रानंच्या रानं क्षारपड झालीत. ते क्षार, गाळ सगळं खोलगट जागी जाऊन बसतं, आणि आता बॉयलरमधली सगळ्यात खोलगट जागा म्हणजे ते पोट. तिथं क्षाराचा थर बसला की पाणी पत्र्याला टेकतच नाही. मग पाणी भरपूर असतानाही तेवढा भाग पुन्हा तापतो, पुन्हा थोडा फुगतो. गंज हळूहळू खातो. पोट एकदा आलं की ते थांबून राहत नाही.

गेजचंही तसंच. थंड असताना १ दाखवतं म्हणून १ वजा करायचा, हा हिशेब काटा नुसता सरकला असेल तरच जमतो. गेजच्या आत वाकडी पितळी नळी असते, दाबाने ती सरळ होऊ बघते आणि काटा फिरतो. ती नळी शून्यावर परत येत नाही याचा अर्थ बहुधा ती कधीतरी कुवतीबाहेर ताणली गेली. किंवा गेजखाली सायफनची वेटोळी नळी नाही आणि थेट वाफ आत जाऊन ती भाजली. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तिचा काटा आता कुठं किती खोटं बोलतो ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा ‘२ किलोवर चालवतो’ हे वाक्य मी खरं धरत नाही. तार आवळलेला व्हॉल्व्ह आणि ताणलेलं गेज, म्हणजे दाब किती होता याचा एकही साक्षीदार तुमच्याकडं नाही.

ठिगळाबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १८६५ च्या एप्रिलमध्ये ‘सुलताना’ नावाची आगबोट मिसिसिपी नदीतून यादवी युद्धातल्या सुटलेल्या कैद्यांना घरी नेत होती. तिच्या एका बॉयलरला गळती लागली होती आणि तिथला पत्रा फुगला होता. दुरुस्तीला आलेला कारागीर म्हणाला, हे पत्रे काढून बदलायला हवेत. कप्तानाला घाई होती, माणशी भाडं मिळणार होतं. शेवटी मूळ पत्र्यापेक्षा पातळ तुकड्याचं ठिगळ मारून बोट निघाली, ३७६ जणांच्या बोटीत दोन हजारांवर माणसं भरून. २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिसच्या वर बॉयलर फुटले. हजाराहून जास्त माणसं गेली. दोष एकट्या ठिगळाचा नव्हता. पण फुगवटा, गळती, घाई, ठिगळ हा क्रम बघा आणि स्वतःचं पत्र पुन्हा वाचा.

फुगलेल्या पत्र्यावर ठिगळ मारणं म्हणजे कुठं खराब झालंय ते झाकणं. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा, आधीच भाजलेला पत्रा पुन्हा भाजतो. ठिगळाखाली दोन पत्र्यांच्या मध्ये फट राहते, तिथं पाण्याचा गारवा पोचत नाही. जळणाच्या बाजूला दुहेरी पत्रा ही तर तापायची हक्काची जागा. खराब भाग चौकोनी न कापता गोलसर कोपऱ्यांनी कापून, तेवढ्याच जाडीचा तुकडा समोरासमोर बसवून, जोड तपासून केलेली दुरुस्ती वेगळी. ती होते, कारखान्यांत मी करून घेतली आहे. तुमच्या ड्रमवर ती करावी असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण खालच्या पत्र्यात नाही, टोकांत आहे.

‘आठचा पत्रा आहे’ हे वाक्य तपासू. दाब २ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलो), व्यास ९०० मिलिमीटर. साध्या पोलादावर चौरस मिलिमीटरला १० किलो ताण चालेल असं धरू, वेल्डिंगचा एक्स-रे काढलेला नाही म्हणून जोडाची ताकद ७० टक्के धरू. गोल भागाला दाब सोसायला हिशेबाने किती पत्रा लागतो? जेमतेम १.३ मिलिमीटर. तुमचा माणूस हा आकडा ऐकून खूश होईल. गोल आकार फार दयाळू असतो, दाब सगळीकडून सारखा वाटून घेतो. असे कुकर इतकी वर्षं खेड्यापाड्यांत तगून राहिलेत ते याच्या जोरावर.

आता सपाट टोक घ्या. सपाट पत्र्यावर दाब आला की तो मधोमध वाकतो, कोपऱ्याच्या वेल्डिंगला उचकटतो. त्याच २ किलोला, आतून आधार नसेल तर, सपाट टोकाला हिशेबाने २३ मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते. उलट गणित केलं तर आठचा सपाट पत्रा तेवढ्या व्यासाला साधारण पाव किलोपुरताच धरता येतो. पाव किलो! हा ढोबळ हिशेब आहे, पोलाद कुठलं आणि कोपरा कसा जोडलाय त्यावर तो हलतो, आणि त्यात सुरक्षेसाठी ठेवलेली सूट आहे म्हणून पाव किलोच्या वर गेलं की लगेच फुटत नाही. पण तुम्ही ती सूट रोज खाताय. आतून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाड सळया, म्हणजे स्टे बार, टाकले असतील तर चित्र बदलतं. हातभोकातून बॅटरी मारून बघा. असले तर त्यांच्या मुळाशी गंज किती ते बघा. आणि बाहेरून एक साधी गोष्ट करा: टोकाच्या पत्र्यावर लोखंडी पट्टी उभी, आडवी धरून बघा. मधे पट्टी टेकते आणि कडेला फट दिसते का? दिसली तर टोकसुद्धा पोटाला आलंय.

२ किलो दाबाला त्या एका टोकावर एकूण जोर येतो पावणेतेरा टनांच्या घरात, म्हणजे उसाने भरलेली ट्रॉली जवळपास. आणि पिंपाशेजारी हळद ओतायला माणसं उभी असतात ती बहुतेक टोकाच्याच रेषेत.

लोक म्हणतात, कंप्रेसरला आठ-आठ, दहा-दहा किलो दाब असतो, हा दोन किलोचा काय करणार? वाफेच्या बॉयलरचं घातक भांडवल दाब नसून गरम पाणी असतं. २ किलोला पाणी १३३ अंशांवर असतं, उकळत नाही कारण दाबाखाली आहे. ड्रम फाटला की दाब जातो आणि ते पाणी शंभर अंशांवर यायला बघतं. त्यासाठी शंभरातले सहा भाग, म्हणजे सहा टक्के पाणी एकदम वाफ होतं. तुमच्या ड्रममध्ये ५०० लिटर पाणी धरलं तर तीसेक किलो. ऐकायला थोडं वाटतं. पण एक किलो पाण्याची मोकळ्या हवेत १,६०० लिटरच्या वर वाफ होते. तीस किलोची पन्नास हजार लिटर, आपले पाण्याचे दहा टँकर, डोळ्याची पापणी लवायच्या आत. उरलेलं उकळतं पाणी अंगावर येतं ते वेगळंच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. हा ड्रम बाजूला ठेवा, पण उद्या नवा घ्याल, त्यालाही दहा वर्षं होतील, तेव्हा कसं ठरवायचं?

जगभरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपुढं हाच प्रश्न होता: सामान जुनं झालंय, थोडं खराब झालंय, बदलायला कोटी लागतात, चालवायचं का? त्यासाठी २००० साली एपीआय ५७९ नावाची पद्धत आली, २००७ मध्ये ती एपीआय आणि एएसएमई या दोन अमेरिकी संस्थांनी मिळून पुन्हा काढली. गंज, खड्डे, चिरा, आगीने भाजलेलं, पोचा आलेलं, दर नुकसानाला त्यात वेगळा भाग आहे. तुम्हाला ती वाचायची गरज नाही. तिच्यातली विचारायची रीत मात्र घेण्यासारखी आहे. वय किती हा प्रश्न ती पहिला विचारत नाही. नुकसान कुठल्या जातीचं आहे आणि ते अजून चालू आहे का, हे आधी विचारते. सगळीकडून सारखा झिजलेला चाळीस वर्षांचा ड्रम कमी दाबावर चालू शकतो. चिरा गेलेला दोन वर्षांचा ड्रम चालू शकत नाही, निदान चीर किती खोल आणि का गेली ते कळेपर्यंत.

झिजेचा हिशेब शेतकऱ्याला पटकन कळतो, विहिरीच्या पाण्यासारखा आहे. समजा २०१२ ला ८ होता, आज तळाला ५ भरला. तेरा वर्षांत ३ गेला, वर्षाला पाव मिलिमीटरच्या आसपास. किमान किती लागतो ते इंजिनिअरने काढून द्यायचं, वजाबाकी करायची, झिजेच्या वेगाने भागायचं, उरलेली वर्षं निघतात. त्या वर्षांच्या निम्म्या काळात पुन्हा मोजायचं, पूर्ण काळ वाट बघायची नाही, कारण झीज सरळ रेषेत जात नाही. पहिल्या दहा वर्षांत १ आणि मागच्या तीनमध्ये २ गेला असेल तर सरासरी तुम्हाला फसवते. म्हणून दर वर्षाचा आकडा वहीत पाहिजे. तुमच्याकडं वही नाही, म्हणून तुमच्या ड्रमची झीज किती आणि कधी झाली ते मलाही सांगता येत नाही.

मोजायचं अल्ट्रासॉनिक थिकनेस गेजने. हातात मावणारं यंत्र, पत्र्यावर जेल लावून बटण टेकवायचं. आवाज पोलादातून सेकंदाला ५,९०० मीटरच्या आसपास वेगाने जातो, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो, त्या वेळेवरून जाडी कळते. कुपवाड, मिरजेच्या एमआयडीसीत हे काम करणारे मिळतात, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र विचारून घ्या. पण यंत्र ज्या ठिपक्यावर टेकवलं तेवढ्याच ठिपक्याची जाडी सांगतं, आणि इथं माझी स्वतःची एक चूक सांगतो.

एका कारखान्यात ऑफ सीझनला एक्झॉस्ट वाफेची लाइन मी मोजली होती. लॅगिंग, म्हणजे नळीवरचं उष्णतारोधक वेष्टण, जिथं सहज निघत होतं, शिडी जिथं नीट टेकत होती, तिथं तिथं मोजली. ६.१, ६.०, ६.२. सगळं झकास, सही केली. डिसेंबरात रात्रपाळीला त्याच लाइनचा एक बेंड फुटला. चहाची वेळ होती म्हणून खाली कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा टेबलावर ठेवून मी व्हर्नियर (जाडी मोजायचं मापक) लावला. बेंडच्या बाहेरच्या वळणाला, जिथं ओली वाफ येऊन आपटते तिथं, २.३. दीड हातावरच्या सरळ नळीत ६.१. मी जिथं सोयीचं होतं तिथं मोजलं होतं, जिथं झिजायला कारण होतं तिथं नाही. तो तुकडा पुढं बरीच वर्षं माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून होता.

तुमच्यासारख्या ड्रमला झिजायला कारण असलेल्या जागा म्हणजे तळ, पाण्याची रेघ, जिथं पाणी आत पडतं त्याच्या समोरची जागा, सगळ्या वेल्डिंगच्या कडा, आणि ट्रॉलीच्या खुरांवर ड्रम जिथं बसतो ती. गंज घासून पत्रा चकचकीत करून, खडूने चौकटी आखून मोजा. जोडांना डाय पेनिट्रंट मारून घ्या: लाल रंग फवारायचा, थोड्या वेळाने पुसायचा, वरून पांढरा फवारा मारायचा, चीर असली तर लाल रेघ उमटते. अक्षरशः हाताच्या रेषेसारखी दिसते.

हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे ड्रममध्ये पाणी भरून दाब देऊन बघणं, सगळे सुचवतात, तुम्हालाही कुणी सुचवेल. ती करावी, पण शेवटी, आणि तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. टेस्ट पास झाली म्हणजे त्या दिवशी, थंड पाण्याला, त्या दाबाला ड्रम टिकला. जाळावर तापलेल्या पोटाबद्दल ती काही सांगत नाही, आणि आठ महिन्यांनी काय होईल तेही नाही. करताना ड्रम काठोकाठ भरून हवा पूर्ण काढून टाका. कंप्रेसरने हवा भरून ‘टेस्ट’ करणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू देऊ नका. पाणी दबत नाही म्हणून फुटलं तर फार लांब जात नाही, हवा दबलेली असते, ती बॉम्बसारखी सुटते.

आणखी एक, कारण हे कुणी सांगत नाही. असे बॉयलर चालवून जितके खराब होतात तितकेच, कदाचित जास्तच, उरलेले आठ-नऊ महिने गोठ्याशेजारी उभे राहून होतात. तळाला बोटभर पाणी राहिलेलं, बाहेरून ओली राख चिकटलेली, वरून पावसाळा. हंगाम संपला की राख खरवडून काढा, पाणी पूर्ण सोडा, छोटा जाळ करून आतून सुकवा, पसरट ताटात कळीचा चुना ठेवून सगळी तोंडं बंद करा. चुना ओल ओढून घेतो. साखर कारखान्यांची ही जुनी रीत, खर्च नगण्य.

कायद्याचं थोडक्यात. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. १ किलोपेक्षा कमी दाबाची किंवा २५ लिटरपेक्षा कमी पाण्याची भांडी बॉयलरच्या व्याख्येत येत नाहीत. बनवणारे ‘एक किलोच्या आतला आहे’ म्हणून सुटतात आणि शेतात तो दोनवर चालतो. २ किलोवर चालणारा तुमच्या मापाचा ड्रम बॉयलरच आहे, त्याला नोंदणी, तपासणी आणि जाणकार अटेंडंट लागतो. नवा घेताना बाष्पके संचालनालयात विचारून, मान्यताप्राप्त बनवणाऱ्याकडूनच घ्या. उद्या कुणाला इजा झाली तर ‘तार ड्रायव्हरने आवळली’ हे मालकाला वाचवत नाही.

आता हंगाम. एक गोष्ट लक्षात घ्या: तुमच्या पिंपांच्या झाकणांतून वाफ बाहेर सुटते, म्हणजे पिंपात दाब नाहीच. हळद शंभर अंशांच्या वाफेवर शिजते. बॉयलरमधला दाब वाफ पाइपातून ढकलायला आणि खेपा भराभर उरकायला. तेव्हा नवा ड्रम घेताना दोन किलोचा हट्ट धरू नका. कमी दाबाचा, डिश एंडचा, म्हणजे वाटीसारख्या फुगीर टोकांचा ड्रम, वाफेचा पाइप एक माप मोठा, पाइपाला गोणपाट आणि पत्र्याचं वेष्टण. खेप पाच-दहा मिनिटं जास्त घेईल. व्हॉल्व्ह वाफेचाच घ्या, कंप्रेसरचा नको, आणि तो तुमच्या जाळाने होणारी सगळी वाफ बाहेर टाकू शकेल एवढा मोठा आहे ना, हे लिहून घ्या. दोन व्हॉल्व्ह बसवले तर मी जास्त शांत झोपेन.

नवा ड्रम तीन आठवड्यांत होईल असं मला वाटत नाही, कुणी ‘आठ दिवसांत देतो’ म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका. तोवर आसपासच्या गावात ज्याचा बॉयलर सुस्थितीत आहे त्याच्याशी भागीदारी करा. बॉयलर त्याचा, पिंपं, ट्रॅक्टर आणि माणसं तुमची, पाळ्या वाटून घ्या. भाड्यात निम्म्याहून कमी हातात येईल. ३५ जणांना आजच फोन करा, हळद काढायच्या आधी. जमिनीतली हळद थोडी थांबते, काढलेली थांबत नाही. थोड्या हळदीचा शेतकरी असेल तर जुनी काहील, म्हणजे मोठी उघडी कढई, बाहेर काढा. वेळ आणि जळण जास्त, पण तिच्यात वाफ कोंडतच नाही. ज्यांना थांबता येत नाही त्यांचा इसार परत करा. पतसंस्थेत हप्त्याच्या तारखेआधी जाऊन बोला, तारखेनंतर नको. नव्या ड्रमचं कोटेशन सोबत न्या.

आणि जुना ड्रम कापाल तेव्हा पोटाचा तुकडा आणि त्याच्यापासून दोन हातांवरचा चांगल्या पत्र्याचा तुकडा वेगळे काढून ठेवा. दोन्हीला व्हर्नियर लावा, आतला क्षाराचा थर खरवडण्याआधी त्याची जाडीही मोजा. तिन्ही आकडे मला कळवा. ड्रायव्हरला मोजायला सोबत घ्या.